डोळे कोरडे राहिले म्हणून?

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे, ऐरोलीला आईबरोबर राहते. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन बरीच वर्षं झाली, गोळ्या नियमित घेते. दर शनिवारी ठाण्याला गटोपचाराला जाते, म्हणजे आम्ही काही रुग्ण एकत्र बसून बोलतो. मागे गटातल्या एका काकूंनी सांगितलं, की मुलाच्या लग्नात ‘पाहुण्यांसमोर नको’ म्हणून त्यांना मागच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. सगळ्यांचे डोळे भरून आले, मी मात्र कोरडीच. एक मुलगा म्हणाला, “तुला काहीच वाटत नाही का गं?” तेव्हापासून जायची लाज वाटते. औषधाने काकूंचं तोंड कोरडं पडतं, म्हणून मी दर वेळी त्यांच्या खुर्चीपाशी पाण्याची बाटली भरून ठेवते, पण रडू काही येत नाही. मला दुसऱ्याचं दुःख कळतच नाही का? गट सोडावा का?

उत्तर : अजिबात सोडू नका. बाटलीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथेच थांबले. काकूंना काय होतंय हे तुम्हाला दिसलं, त्यांनी न मागता तुम्ही ते केलंत, आणि दर शनिवारी करता. दुसऱ्याचं दुःख कळणं म्हणजे आणखी काय असतं?

स्किझोफ्रेनियात बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. काही औषधांनीही चेहरा ताठर होतो. पण चेहऱ्यावर कमी दिसलं तरी आत जाणवणं बरंचसं इतरांसारखंच असतं, असं अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. त्या मुलाने तुमचा चेहरा वाचला आणि मनाबद्दल निष्कर्ष काढला. घरची माणसंही हेच करतात, ‘दगडासारखी बसते’ म्हणतात, आणि ते ऐकून माणूस आणखी मिटतो. याचा मला फार त्रास होतो.

मी ठाण्यात असे गट घेते. एकदा एक गृहस्थ म्हणाले, नोकरी गेल्यापासून, कोणी नसताना ऐकू येणारे ते आवाज पुन्हा येतायत. लगेच सल्ले सुरू झाले. ध्यान करा, सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारा, मन गुंतवा. सगळे कळवळ्यानेच बोलत होते, पण त्या गृहस्थांची मान खालीच. मग कोपऱ्यातल्या एका मुलाने अगदी सपाट आवाजात विचारलं, “रात्री जास्त येतात का? मला रात्री यायचे.” गृहस्थांनी मान वर केली आणि पुढे बराच वेळ ते त्या मुलाशीच बोलले. त्या मुलाच्या डोळ्यांतही पाणी नव्हतं.

गटोपचाराचे अभ्यासक अर्विन यालोम यांनी माणसं गटात का सावरतात याची जी कारणं मांडली, त्यात ‘हे माझ्या एकट्याचं नाही’ हे कळणं आहे, तसंच दुसऱ्याच्या उपयोगी पडणंही आहे. म्हणजे ती बाटली तुमच्याही कामाची आहे.

येत्या शनिवारी सुरुवातीलाच एक वाक्य बोलून टाका : “माझ्या चेहऱ्यावर दिसत नाही, पण मी ऐकत असते.” जमलं तर काकूंना विचारा, “त्या खोलीत तुमच्याजवळ कोणी होतं का?” उत्तर आलं की मध्ये काही बोलू नका, त्यांना बोलू द्या. त्या मुलाचं बोलणं लागलं हेही गट घेणाऱ्या ताईंना किंवा सरांना आधी सांगून ठेवा. तो विषय गटातच निघायला हवा, आणि तो नीट हाताळणं हे त्यांचं काम आहे, तुमचं नव्हे.

आणि डॉक्टरांशी बोला. अंग आखडल्यासारखं वाटतं का, हात थरथरतात का, सगळंच बधिर वाटतं का, हे त्यांना सांगा. औषधामुळे असेल तर मात्रा किंवा गोळी बदलता येते. आईलाही सोबत न्या. चालताना तुमचे हात पूर्वीसारखे हलतात का, हे त्या जास्त नेमकं सांगू शकतील. तोवर गोळ्या मात्र स्वतःहून कमी करू नका.