दुसऱ्या बाळंतपणातही टीडॅप घ्यावी का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला: २९वा आठवडा चालू आहे, कोथरूडच्या तुमच्या डॉक्टरांनी टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकला यांवरची एकत्र) लस सुचवली आहे, परंतु अडीच वर्षांपूर्वी पहिल्या गरोदरपणात ती घेऊन झाली आहे. शिवाय लहानपणी तुम्हाला डांग्या खोकला होऊन गेला असे तुमच्या आई सांगतात. म्हणून आधी रक्त तपासून प्रतिकारशक्ती शिल्लक आहे का ते पाहावे आणि असेल तर लस टाळावी, असा घरचा विचार आहे. बत्तीसाव्या आठवड्यात तुम्ही बाळंतपणासाठी साताऱ्याला माहेरी जाणार आहात. मी डॉक्टर नाही. बालरोग विभागात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले आहे, आणि या विषयावर थोडे सविस्तर लिहिण्याचे कारण पुढे सांगितले आहे.

माझे मत आधीच सांगते. लस याही खेपेला घ्यावी, माहेरी जाण्यापूर्वी पुण्यातच घ्यावी, आणि रक्ततपासणीवर पैसे घालवू नयेत.

घरच्यांचा तर्क वरवर पाहता चुकीचा वाटत नाही. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत आणि तोच नियम आपण सगळ्या आजारांना लावतो. डांग्या खोकल्याला तो लागू पडत नाही. हा आजार बोर्डेटेला पर्ट्युसिस नावाच्या जिवाणूमुळे होतो. बोर्डे आणि गेंगू या दोघांनी १९०६ मध्ये तो वेगळा काढून दाखवला. आजार होऊन गेल्यावर किंवा लस घेतल्यावर मिळणारे संरक्षण काही वर्षांनी ओसरते, आणि तिशीतल्या स्त्रीच्या रक्तात बालपणीच्या आजाराच्या खुणा उरल्याच तर फार क्षीण असतात. तिला स्वतःला त्याने मोठा धोका नसतो. पुन्हा आजार झाला तरी महिना-दोन महिने रेंगाळणारा कोरडा खोकला, एवढ्यावर बहुधा निभावते. परंतु प्रश्न तिचा नाहीच, प्रश्न बाळाला किती मिळते याचा आहे.

आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारे घटक, वारेतून बाळाकडे जातात. हे काम गरोदरपणाच्या पूर्वार्धात अगदी मंद असते आणि शेवटच्या तीन महिन्यांत जोर धरते, इतका की पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती कधी कधी आईपेक्षाही जास्त आढळतात. लस घेतल्यावर आईच्या शरीरात पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्यानंतर ती वारेतून पलीकडे जाण्यास आणखी काही आठवडे हाताशी असावे लागतात. अनेक देशांत २७ ते ३६ हा आठवड्यांचा काळ सांगितला जातो, तो याच हिशेबाने. त्यातही सुरुवातीचे आठवडे बरे, कारण बाळंतपण ठरलेल्या तारखेलाच होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. अडीच वर्षांपूर्वीच्या लसीने तयार झालेली प्रतिपिंडे पहिल्या बाळाच्या वाट्याला गेली आणि तुमच्या रक्तात जी उरली ती वर्षभरातच बरीच खाली आली. दुसऱ्या बाळाला त्या शिलकीतून फारसे काही मिळणार नाही. म्हणूनच अमेरिकेत २०१२ पासून प्रत्येक गरोदरपणात ही लस नव्याने द्यावी अशी शिफारस आहे, मग दोन बाळंतपणांत अंतर कितीही कमी असो, आणि आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते.

रक्ततपासणीबद्दल थोडेसे. प्रयोगशाळा तुम्हाला एक आकडा छापून देईल, पण अमुक आकड्याच्या वर बाळ सुरक्षित, अशी सर्वमान्य रेषा या आजारासाठी आजवर ठरलेली नाही. ती तपासणी मुळात अलीकडे संसर्ग होऊन गेला का हे पाहण्यासाठी वापरतात. आकडा चांगला आला म्हणून लस टाळायची आणि कमी आला म्हणून घ्यायची, असा निर्णय त्यावरून करताच येत नाही.

आता मी हे सारे पोटतिडकीने का लिहिते, ते सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, आमच्या वॉर्डात पाच आठवड्यांचे एक बाळ आले. तक्रार खोकल्याची नव्हतीच. दूध ओढता ओढता बाळ थांबते आणि ओठ निळे पडतात, एवढेच आई सांगत होती. आधी जिथे दाखवले होते तिथे सर्दी म्हणून थेंब देऊन परत पाठवले होते. ज्या आवाजावरून हा आजार ओळखायचा असे आपण ऐकलेले असते, तो खोकल्याच्या उबळीनंतरचा लांब शीळ घातल्यासारखा श्वास, इतक्या लहान बाळात बहुधा ऐकूच येत नाही. तेवढा जोर त्या छातीत नसतो. बाळ फक्त श्वास घ्यायचे थांबते. मी खाटेशेजारी बसून सेकंद मोजत असे, तळपायाला टिचकी मारत असे, आणि पुन्हा श्वास सुरू झाला की वेळ लिहून ठेवत असे. रक्तात पांढऱ्या पेशी साठ हजारांच्या वर गेल्या होत्या. जिवाणूच्या विषामुळे त्या अशा वाढतात आणि फार वाढल्या तर फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाटी होऊन हृदयावर ताण येतो. बारशाला आलेली एक मावशी तीन आठवडे खोकत होती, हे विचारल्यावर कळले. पुण्याची हवा मानवली नाही, असे सगळ्यांनी धरून चालले होते.

बाळ वाचले. परंतु मला आठवते ती त्या आईने पिशवीतून काढून दाखवलेली कार्डाची घडी. दोन्ही इंजेक्शनांच्या तारखा त्यावर व्यवस्थित होत्या आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘मी तर सगळी इंजेक्शने घेतली होती.’ तिने घेतली होती ती धनुर्वाताची.

हा घोटाळा आजही तितकाच आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. सरकारी कार्यक्रमात, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, गरोदर स्त्रीला मोफत मिळते ती टीडी. पूर्वी टीटी असे, त्यात फक्त धनुर्वात होता. आता घटसर्पाची भर पडली आहे. डांग्या खोकल्याचा भाग या दोन्हींत नाही. तो असतो टीडॅपमध्ये, आणि ती बूस्ट्रिक्स किंवा अडासेल या नावांनी खासगी दवाखान्यात पदरचे पैसे देऊन घ्यावी लागते. लहान मुलांची त्रिगुणी लस ही पुन्हा वेगळी. तिच्यातील मात्रा मोठ्यांसाठी नसते. ज्या शहरातल्या हडपसरला १९६६ पासून उभ्या असलेल्या सीरम इन्स्टिट्यूटची त्रिगुणी लस देशोदेशींच्या बाळांना टोचली जाते, त्याच शहरात टीटी, टीडी आणि टीडॅप ही तीन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, याचे मला नेहमी नवल वाटते. तुमच्या बाबतीत सोय अशी की मागच्या गरोदरपणात धनुर्वाताचे डोस पूर्ण झाले असतील आणि मध्ये तीन वर्षे उलटली नसतील, तर सरकारी वेळापत्रकाप्रमाणे या वेळी एकच बूस्टर लागतो, आणि टीडॅपमध्ये धनुर्वात व घटसर्प दोन्ही असल्यामुळे तो त्याच टोचणीत होऊन जातो. मात्र या खेपेची टीडी आधीच टोचून झाली असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, म्हणजे अंतर किती ठेवायचे ते त्या ठरवतील.

लसीचा उपयोग होतो याचा सर्वात स्पष्ट पुरावा इंग्लंडमधला आहे. तिथे २०१२ मध्ये डांग्या खोकल्याची साथ आली आणि तान्ही बाळे दगावू लागली, तेव्हा त्याच वर्षी ऑक्टोबरपासून गरोदर स्त्रियांना लस देणे सुरू झाले. त्यानंतर तपासले असता तीन महिन्यांच्या आतील बाळांना आजारापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. पुढे लस घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घसरत सुमारे ६० टक्क्यांवर आले, आणि २०२४ मध्ये तिथे पुन्हा मोठी साथ येऊन ११ अर्भके दगावली. आपल्याकडे अशा मृत्यूंची नोंद न्यूमोनिया म्हणून सहज होऊन जाते.

घरात शंका निघेल ती बाळाच्या सुरक्षिततेची. लसीत जिवंत जिवाणू नसतो, जिवाणूचे शुद्ध केलेले काही अंश असतात. दंड एक-दोन दिवस दुखतो, क्वचित कणकण येते. पूर्वीच्या डोसने तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल किंवा त्यानंतर आठवडाभरात मेंदूचा गंभीर विकार उद्भवला असेल तर ही लस देत नाहीत. मागच्या वेळी तुम्हाला असे काही झाले नसणार, नाहीतर ते तुम्ही लिहिले असते. एक बाब मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे बाळाच्या स्वतःच्या पहिल्या डोसांना मिळणारा प्रतिसाद थोडा कमी उमटतो, असे आढळले आहे. म्हणून आईने लस टाळावी असा निष्कर्ष कोणी काढलेला नाही, कारण मृत्यूचा खरा धोका पहिल्या दोन-तीन महिन्यांतच असतो आणि तिथे आईचीच शिदोरी उपयोगी पडते.

त्या महिन्यांचा हिशेब असा आहे. जन्मल्यावर बाळाला बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी मिळते. डांग्या खोकल्याचे संरक्षण पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीत असते आणि तिचा पहिला डोस सहाव्या, दुसरा दहाव्या आणि तिसरा चौदाव्या आठवड्यात असतो. एका डोसाने पुरेसे संरक्षण उभे राहत नाही. आणि आपल्याकडे नेमक्या याच काळात बारसे, बाळ बघायला येणारे, मायलेकींचे माहेरहून सासरी जाणे, हे सगळे घडते. सव्वा महिना बाळंतिणीने बाहेर पडू नये या जुन्या रीतीतील जाचक भाग मला मुळीच प्रिय नाही, पण खोकणाऱ्या माणसाने तान्ह्या बाळाला उचलू नये एवढा त्यातला अर्थ अजूनही खरा आहे. साताऱ्याच्या घरी हे सांगण्याचे अवघड काम तुमच्यावर पडू देऊ नका. ते तुमच्या आईंकडे सोपवा.

घरातील सर्वांनी लस घेतली की बाळाभोवती कडे तयार होते, ही कल्पनाही तुमच्या वाचनात आली असेल. ती वाईट नाही, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. बबून माकडांवरील प्रयोगात असे दिसले की जिवाणूचे फक्त अंश असलेल्या या नव्या प्रकारच्या लसीने माकडे आजारी पडली नाहीत, तरी जिवाणू त्यांच्या घशात राहिला आणि शेजारच्या माकडांना लागला. बाळंतपणानंतर आईने घेतलेल्या लसीचेही तसेच: ती आईला वाचवते, पण वारेचा रस्ता तोवर बंद झालेला असतो. अंगावरच्या दुधातून काही प्रतिपिंडे मिळतात, परंतु त्यावर सारी भिस्त ठेवता येत नाही.

तेव्हा याच आठवड्यात लस घ्या आणि कार्डावर नुसते ‘इंजेक्शन दिले’ असे न लिहिता ‘टीडॅप’ हे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख लिहून घ्या; साताऱ्याच्या डॉक्टरांना तीच नोंद लागणार आहे. आणि थोरल्याचे कार्डही काढून बघा. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा त्रिगुणीचा बूस्टर पुष्कळांचा राहून जातो, आणि बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन खोकणारा घरातला पहिला माणूस बहुधा तोच असतो.