समान नव्हे, सामाईक. आणि दामाची गोष्ट

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय दिला आहे, 'राष्ट्रांनी समान चलन स्वीकारावे का?' विचारणाऱ्या विद्यार्थिनीला कुणीतरी 'चलन' खोडून तिथे 'मुद्रा' लिहायला सांगितलं. बरोबर काय?

चलन बरोबर. मराठीत मुद्रा म्हणजे शिक्का, राजमुद्रा, चेहऱ्यावरचा भाव, नर्तकीच्या हाताची ठेवण. खिशातल्या पैशाला मुद्रा म्हणायची सवय हिंदी बातम्यांनी लावली. हिंदीत जो 'मुद्रा कोष', तो आपला 'नाणेनिधी'. त्यांची 'मुद्रास्फीति', आपला 'चलनफुगवटा'. चालतं ते चलन. इतका उघड शब्द हाताशी असताना तो बदलायला सांगणाऱ्यांनी आधी मराठी वर्तमानपत्राचं अर्थविषयक पान वाचावं.

पण खरी चूक 'समान' या शब्दात आहे आणि खोडणाऱ्याचं लक्ष नेमकं तिकडे गेलेलं नाही. भाषणांत, अग्रलेखांत, परीक्षेच्या मार्गदर्शकांत सगळीकडे 'समान चलन' ऐकून कान किटले. समान म्हणजे सारखं, बरोबरीचं. सगळ्यांचं मिळून एकच असतं ते सामाईक. सातबारा वाचता येणाऱ्याला हे समजवावं लागत नाही. दोन भावांच्या दोन सारख्या विहिरी असल्या तर त्या समान. एकाच विहिरीवर दोघांची नावं लागली तर ती सामाईक. भांडणं कोणत्या विहिरीवर होतात हे करवीर तालुक्यात कुणालाही विचारा.

हा काथ्याकूट नव्हे, वादाचा सगळा निकाल इथे लागतो. भूतानचं न्गुलत्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीनं चालतं, एकास एक. ते खरं समान चलन. नोटा भूतानच्या, सही भूतानची, आणि उद्या मनात आलं तर बरोबरी मोडायचा अधिकारही भूतानचाच. नेपाळचा रुपया १९९३पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपल्या एका रुपयाला त्यांचे १.६० या दरानं. तो समानही नाही आणि सामाईकही नाही. इक्वेडोरनं २००० साली आपलं सुक्रे सोडून अमेरिकी डॉलर घेतला. ते दुसऱ्याचं चलन झालं, कारण डॉलर किती छापायचे यात इक्वेडोरला मत नाही. युरो तेवढा सामाईक. फ्रँकफर्टला बसलेली मध्यवर्ती बँक सर्वांसाठी एकच व्याजदर ठरवते आणि त्या बँकेत प्रत्येक सभासद देशाचा माणूस बसतो.

'सामाईक' म्हटलं की पाण्याची पाळी कोण लावणार आणि मोटार जळली तर पैसे कोण भरणार, हे प्रश्न आपोआप येतात. 'समान' म्हटलं की ते दडून राहतात. युरोपनं १९९२च्या मास्ट्रिख्ट करारात अट घातली की सरकारी तूट देशांतर्गत उत्पादनाच्या ३ टक्क्यांच्या आत आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत असावं. कर गोळा करणं आणि खर्च करणं मात्र ज्याचं त्याच्याकडे ठेवलं. डेन्मार्कच्या मतदारांनी २००० साली आणि स्वीडनच्या मतदारांनी २००३ साली युरोला नकार दिला, त्यामागे आपल्या व्याजदरावर आपला हात राहणार नाही ही धास्तीही होती. बाजूनं बोलायचं असेल तर 'बट्टा' हा शब्द वापरावा. एका राज्याचं नाणं दुसऱ्या राज्यात मोडताना सराफ जी कसर कापून घ्यायचा तो बट्टा. पन्हाळी रुपया दुसऱ्या मुलखात नेणाऱ्याला तो चांगला माहीत होता, आणि माणसाच्या नावाला लागतो तोही हाच. सामाईक चलनात बट्टा नाहीसा होतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. उलट बाजूला ग्रीस आहे. कर्जात बुडाल्यावर स्वतःचं चलन असतं तर त्याचं अवमूल्यन करून निर्यात स्वस्त करता आली असती. ती वाट बंद होती. २०१५च्या उन्हाळ्यात बँका बंद ठेवून माणशी दिवसाला ६० युरोच काढायची मर्यादा घालावी लागली.

ग्रीसचं नाव आलंच आहे, तर मला सर्वांत आवडता शब्द सांगतो. ३४०.७५ द्राख्मांना एक युरो हा दर धरून ग्रीसनं आपलं नाणं मोडीत काढलं, आणि २००२ साली द्राख्मा अथेन्सच्या बाजारातून गेला. कोल्हापूरच्या बाजारात तो अजून आहे. आपण त्याला दाम म्हणतो.

ग्रीक भाषेत द्राख्मा म्हणजे मूठभर. सहा ओबोलांचा एक द्राख्मा. ओबोल म्हणजे मुळात लोखंडी सळई, आणि सहा सळया एका मुठीत मावायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द येऊन रुजला याचा मला अतोनात आनंद आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन, म्हणजे ग्रीक, राजांची नाणी ते राजे गेल्यावरही इसवी सनाच्या पहिल्या शतकात भडोचच्या बाजारात चालत होती, असं 'पेरिप्लस' या जुन्या समुद्रप्रवासाच्या पुस्तकाचा ग्रीक लेखक सांगतो. संस्कृतात त्याचा 'द्रम्म' झाला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत कोष्टकच आहे: वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत दंड आणि दानं द्रम्मांत मोजलेली आहेत.

इथे दोन पक्षांशी माझं पटत नाही. एक पक्ष दामोदरातला दाम, म्हणजे दोरी, पुढे करतो आणि नाण्यांच्या माळा ओवतो. त्याला उत्तर देण्यात वेळ घालवत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, मराठी दाम मोगलांकडून आला, कारण अकबराच्या काळी ४० तांब्याच्या दामांचा एक रुपया होता. मोगली दामही त्याच द्रम्माचा, पण म्हणून आपला शब्द तिकडून आला असं ठरत नाही. घर्म, घम्म, घाम. कर्म, कम्म, काम. चर्म, चम्म, चाम. तसंच द्रम्म, दम्म, दाम. प्राकृतातलं जोडाक्षर सुटं होताना आधीचा स्वर लांबतो, हा मराठीचा घरचा नियम आहे आणि तो अकबराच्या कितीतरी आधी लागू झालेला आहे. 'दाम करी काम' या म्हणीतले दोन्ही शब्द एकाच नियमानं घडले. कौटिल्याचे उपाय साम, दान, भेद, दंड. त्यातलं 'दान' लोकांनी बदलून 'साम, दाम, दंड, भेद' केलं, तेही दाम तोवर घराघरांत मुरला होता म्हणून.

माझं मत असं की हा शब्द आपल्याकडे दरबारातून कमी आणि बंदरावरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून जास्त आला. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. जिथवर देव पोचला तिथवर पैशाचं नाव पोचायला अडचण काय होती? अरबांचा दिरहम आणि आर्मेनियाचा द्रामही याच मुळाचे. मात्र प्रत्येक राजाच्या द्रम्माचं वजन वेगळं, कस वेगळा. नाव सामाईक होतं. नाणं समानसुद्धा नव्हतं.

राहिला लेखनाचा मुद्दा. 'सामायिक' असंही लिहितात आणि ते चूक नाही. पण आपल्या भागातल्या जैन घरांत सामायिक म्हणजे ४८ मिनिटं समभावानं बसण्याचं व्रत. फलकावर 'सामायिक चलन' वाचून श्रोत्यांचा घोळ नको, म्हणून सातबारावर लिहितात तसं 'सामाईक' लिहावं.