डिस्कच्या खुणा: एका शब्दात ठेवाव्यात की वेगळ्या?

प्रश्न : आमच्या प्रकल्पातल्या फाइल सिस्टिममध्ये प्रत्येक डिस्कसाठी ‘लिहिता येते’, ‘हरवली’, ‘बदली डिस्क’ आणि ‘फ्लश पाठवला’ (साठवलेला डेटा डिस्कवर पक्का लिहायची आज्ञा) अशी चार वेगळी इंट (पूर्णांक चलं) होती. जागा वाचवायला त्यांची एकेका बिटाची बिटफील्ड (एकाच शब्दात दाटीने बसवलेली फील्ड) केली. तेव्हापासून ‘हरवली’ ही खूण कधीतरी आपोआप पुसली जाते. असं का होतं?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : खूण पुसली जात नाही, तिच्यावर जुनी प्रत लिहिली जाते. बिटफील्डमधला एक बिट बदलायचा तरी प्रोसेसर अख्खा शब्द (एका वेळी हाताळायचा बिटांचा गट) वाचतो, बदलतो आणि परत लिहितो. दूध संस्थेतल्या दोन कारकुनांनी खतावणीच्या एकाच पानाची नक्कल घेतली, आपापली नोंद केली आणि पान परत लावलं, तर नंतर लावणाऱ्याचंच पान उरतं. इथे एक थ्रेड (प्रोग्रामचा समांतर चालणारा भाग) ‘फ्लश पाठवला’ लिहीत असताना दुसऱ्याने लावलेली ‘हरवली’ तशीच जाते. दोन्ही ठिकाणी वेगवेगळी कुलपं (लॉक) घेतली असतील तरी हेच होणार.

चारही खुणा एकाच अनसाइन्ड लाँगमध्ये (बिनचिन्ही पूर्णांकात) ठेवा आणि सेट_बिट, क्लिअर_बिट, टेस्ट_बिट या कर्नलच्या फंक्शननीच हाताळा. लिनक्स कर्नलमधल्या बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमनेही सुट्या इंट काढून हीच रचना घेतली आहे. मात्र या फंक्शनना बिटाचा क्रमांक लागतो, मास्क (तो बिट लावलेली संख्या) नव्हे. इनममध्ये (नावं दिलेल्या स्थिरांकांच्या यादीत) ०, १, २, ३ असंच लिहा. ‘१ << २’ म्हणजे ४ दिलंत तर तिसऱ्याऐवजी पाचवा बिट लागेल. ‘१ << ६’ म्हणजे ६४ दिलंत तर ६४-बिट यंत्रावर शब्दाबाहेरच्या शेजारच्या फील्डमध्ये लिहिलं जाईल, आणि ही चूक शोधताना रात्र जाते.

‘हरवलेल्या डिस्क’ असा आकडा वेगळा मोजत असाल तर टेस्ट_अँड_सेट_बिट वापरा. ते आधीची किंमत परत देतं. ती ० असेल तरच आकडा वाढवा. नाहीतर एकच डिस्क दोन मार्गांनी सापडली की दोनदा मोजली जाते, आणि माउंटची (डिस्क वापरासाठी जोडतानाची) तपासणी त्या आकड्यावर असेल तर चांगली मिरर जोडीसुद्धा (एकच डेटा ठेवणाऱ्या दोन डिस्क) नाकारली जाते. बिट आणि आकडा एकाच क्षणी जुळलेले दिसायला हवेत तिथे मात्र कुलूप लागतंच. सेट_बिट आणि क्लिअर_बिट अणुरूप (मध्येच न तुटणारी) आहेत, पण मेमरीतल्या इतर लिखाणांचा क्रम राखत नाहीत.

अनसाइन्ड लाँग डिस्कवर जसाच्या तसा कधीच उतरवू नका. त्याचं माप यंत्रागणिक बदलतं, ३२-बिट यंत्रावर तो ४ बाइटचा असतो. डिस्कवर ठरलेल्या मापाचं लिटल-एंडियन (कमी किमतीचा बाइट आधी) फील्ड हवं. एक्सटी४ या लिनक्स फाइल सिस्टिमची स्थिती सुपरब्लॉकच्या (तिची मूळ माहिती ठेवणाऱ्या ब्लॉकच्या) सुरुवातीपासून ५८ बाइट सोडून २ बाइटमध्ये असते: १ म्हणजे स्वच्छ, २ म्हणजे चूक आढळली. जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) असेल तर माउंट करताना ‘स्वच्छ’ बिट काढत नाहीत, ‘रिकव्हरी हवी’ ही वेगळी खूण लावतात.

प्रश्न : सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनची पेनड्राइव्ह एकदा तशीच ओढून काढली होती. आता दर वेळी नीट इजेक्ट करतो, तरी लिनक्सच्या लॉगमध्ये ‘व्यवस्थित अनमाउंट झाली नव्हती’ असं येतंच.
– वर्कशॉपचालक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : फॅट३२ या पेनड्राइव्हवरच्या फाइल सिस्टिममध्ये बूट सेक्टरच्या (पार्टिशनच्या पहिल्या सेक्टरच्या) ६५व्या ऑफसेटवरच्या बाइटमध्ये ‘अस्वच्छ’ बिट असतो. लिहिण्यासाठी माउंट करताना लिनक्स तो लावतं आणि अनमाउंटला काढतं. पण माउंटच्या वेळी तो आधीच लागलेला असेल तर लिनक्स त्याला हात लावत नाही, कारण आत खरंच बिघाड असू शकतो. म्हणून कितीही वेळा इजेक्ट केलं तरी तो राहतो.

आधी प्रोग्रामच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्या. एलएसबीएलके या डिस्कची यादी दाखवणाऱ्या कमांडने पार्टिशनचं नाव नक्की करा, यूमाउंट करा (इजेक्टने ड्राइव्हची वीज बंद होऊ शकते) आणि रूट अधिकाराने एफएससीके.फॅट ही तपासणीची कमांड आधी -एन देऊन चालवा. त्यात काहीच लिहिलं जात नाही. यादी ठीक वाटली की -ए देऊन चालवा, बिट निघेल. मग मशीनला लावण्याआधी प्रत्येक प्रोग्रामची शेवटची ओळ उघडून बघा. अर्धवट लिहिलेली फाइल या तपासणीला बरोबरच वाटू शकते.