सतरा नंबर भरणाऱ्या वहिनींना

वहिनी, शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरताय ना, मग पुस्तकं नंतर. आधी माहेरी जाऊन शाळा सोडल्याचा दाखला शोधा. मी अडतिसाव्या वर्षी दहावीला बसले, तेव्हा अभ्यासापेक्षा त्या कागदानंच जास्त रडवलं. शाळेतला बाबू म्हणायचा, जुनं रजिस्टर सापडत नाही. सेलूहून तीन चकरा झाल्या. चौथ्यांदा भावाला सोबत नेलं, तर दहा मिनिटांत सापडलं! दाखल्यावर माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. त्याबद्दल फॉर्म भरायच्या आधीच संपर्क केंद्राच्या शाळेत, म्हणजे जिथे फॉर्मची कागदं द्यायची तिथे, विचारून घ्या. मुदत संपली की विलंब शुल्क बसतं.

दहावीची परीक्षा घेणारं आपलं विभागीय मंडळ कोणतं, तेही बघून ठेवा. परभणी, हिंगोली, जालना, बीड हे जिल्हे संभाजीनगर मंडळात येतात. लातूर, नांदेड, धाराशिव लातूर मंडळात.

गणिताला घाबरू नका. चाळीस-चाळीस मार्कांचे दोन पेपर असतात, एक बीजगणिताचा, एक भूमितीचा. हिशोब तर तुम्ही बचत गटात रोज करता, व्याज तोंडपाठ आहे तुम्हाला. मला भूमितीची प्रमेयं नकोशी व्हायची, म्हणून चुलीपाशी भिंतीवर खडूनं आकृत्या काढून ठेवायचे. सासूबाई म्हणायच्या, "हे काय, घराला पाटी केलीस का गं?"

कापूस वेचणीच्या दिवसांत अभ्यास होत नाही, उगीच मनाला लावून घेऊ नका. पहाटे चारला लाईट असली तर तासभर बसा. आणि मुलाकडून इंग्रजी वाचून घ्यायची लाज बाळगू नका. माझा मुलगा तर मला छडी दाखवायचा, मेला.