संडासात कंदील ठेवणारं इंग्लंड

प्रश्न: १९५०-६० च्या सुमारास इंग्लंडमधल्या लहान शहरांत आणि खेड्यांत रोजचं जगणं कसं होतं? कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का?

पाहिलंय. १९५९ च्या सप्टेंबरात मुंबईला अँकर लाइनच्या बोटीत बसलो आणि तीनेक आठवड्यांनी लिव्हरपूलला उतरलो. तिथून बोल्टन, लँकेशायर परगण्यातलं सूतगिरण्यांचं शहर. वडील सोलापूरच्या एका गिरणीत स्पिनिंग मास्तर होते, त्यांनी कर्ज काढून मला सूतकताईचं तंत्र शिकायला पाठवलं होतं. चार वर्षं राहिलो. आता सत्याऐंशीचा आहे. लंडनचं मला विचारू नका, तिथे मी मोजून तीनदा गेलो.

बोल्टन काळं होतं. लोकांच्या स्वभावाबद्दल नाही, भिंतींबद्दल बोलतोय. टाउन हॉल काळ्या दगडाचा आहे असंच मी कित्येक महिने समजत होतो. ती गिरण्यांची आणि घरोघरच्या कोळशाच्या शेगड्यांची काजळी होती. हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा १९५६ लाच झाला होता, पण आमच्या गल्लीपर्यंत तो अजून पोचला नव्हता. सकाळी घातलेली कॉलर संध्याकाळी करडी व्हायची. उन्हाळ्यात सगळ्या गिरण्या एकदम बंद ठेवायची तिथे रीत होती, त्याला वेक्स म्हणत. तेव्हा अर्धं गाव ब्लॅकपूलच्या समुद्रावर जायचं आणि चिमण्यांचा धूर थांबायचा. गल्लीच्या टोकाला चक्क एक डोंगर दिसतो, हे मला दहा महिन्यांनी त्या सुट्टीत कळलं. विंटर हिल त्याचं नाव.

खोली मिळवणं सोपं नव्हतं. ‘खोली भाड्याने’च्या पाटीखाली ‘काळ्यांना नाही’ असं सरळ लिहिलेलं असायचं, आणि त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. घरांच्या बाबतीत असा भेदभाव बंद करणारा कायदा यायला १९६८ उजाडलं. सहा दारं बंद झाल्यावर सातव्या दारातल्या बाईंनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “कोळसा वर नेशील का? माझे गुडघे दुखतात.” नेईन म्हटलं. आठवड्याचे तीन पौंड ठरले, त्यात सकाळचा नाश्ता आणि संध्याकाळचं जेवण.

घर म्हणजे वर दोन खोल्या, खाली दोन खोल्या, दोन्ही बाजूंना तशाच घरांची रांग. नळ एकच, स्वयंपाकघरात, तोही थंड पाण्याचा. संडास मागच्या अंगणाच्या टोकाला. जस्ताची आंघोळीची टब भिंतीवर खिळ्याला टांगलेली असे, पण परक्या घरात चुलीपुढे टबात बसायची माझी हिंमत नव्हती. मी शनिवारी म्युनिसिपालटीच्या स्नानगृहात पैसे देऊन आंघोळ करायचो. आठवड्यातून एकदा! आईला पत्रात हे कधी लिहिलं नाही.

बाईंची खरी देवपूजा म्हणजे दाराची पायरी. गुडघे दुखोत की काही होवो, ओल्या फडक्याने पायरी पुसून तिच्या कडेला त्या एका दगडी वडीने पांढुरका पट्टा ओढायच्या. डाँकी स्टोन म्हणत त्या वडीला. भुकटी केलेला दगड, सिमेंट आणि ब्लीचिंग पावडर यांची ती असे. काजळीने तो पट्टा दोन दिवसांत काळा होई, की पुन्हा बसल्याच. ज्या घरची पायरी घासलेली नाही तिथल्या बाईबद्दल अख्खी गल्ली बोलायची. वड्या दुकानातून क्वचितच यायच्या. घोडागाडीवर एक भंगारवाला ओरडत यायचा, त्याला जुने कपडे दिले की बदल्यात तो ही वडी द्यायचा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रस्त्यात उभा राहून हसत सुटलो. आमच्या सोलापुरातली बोहारीण पॅन्ट घालून लँकेशायरात आली होती, फक्त पातेल्याऐवजी दगड देत होती.

पैशांचं गणित परदेशी मुलांना रडवायचं. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. आपल्याकडे नवे पैसे १९५७ ला आले, पण माझं बालपण आणे-पैंवर गेलेलं. शिवाय त्यांचं एक मोठं नाणं होतं हाफ क्राउन, म्हणजे बरोबर अडीच शिलिंग. आता सांगा, अडीचकी घोकलेल्या मुलाला काय अवघड? आठ अडीचे वीस, झाला पौंड. वाण्याच्या दुकानात माझा हिशेब त्याच्या आधी व्हायचा. शिलिंगची नाणी मात्र जपून ठेवावी लागत. खोलीतला गॅसचा मीटर शिलिंग गिळायचा, आणि ऐन अभ्यासात शेगडी फुस्स करून विझायची.

खाण्याचे घोटाळे सांगायचे तर पुस्तक होईल. एका वर्गमित्राच्या आईने ‘टी’ला बोलावलं. चहाला जायचं म्हणून मी घरी जेवून गेलो. तिकडे त्या भागात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण! ब्रेड, बटाटे, बीट, केक, सगळं समोर. नको म्हणायची सोय नाही. मी शाकाहारी, त्यामुळे बाई शुक्रवारी माझ्यासाठी चीज आणि कांद्याचा ‘पाय’, म्हणजे कणकेच्या पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ, करायच्या, तो मी आजही मागून खाईन. बाकीचे दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चिप्स. दीड वर्ष निर्धास्त खाल्ल्या. मग कळलं की त्या गाईच्या चरबीत तळतात. दोन दिवस उपास केला. तिसऱ्या दिवशी काय केलं ते विचारू नका.

त्याच दुकानात रांगेतले म्हातारे मला विचारायचे, “मुंबईकडचा का? मग गुप्तेला ओळखतोस?” आपले फिरकी गोलंदाज सुभाष गुप्ते ब्लॅकबर्नजवळच्या रिश्टनकडून क्रिकेटच्या लँकेशायर लीगमध्ये खेळून गेले होते. नाव ‘गप्टी’ असं उच्चारत, पण त्यांचा लेगब्रेक कसा वळायचा हे बोटं फिरवून दाखवत. माझी ओळख सोलापूरपेक्षा गुप्त्यांमुळेच जास्त झाली.

बाई लग्नाआधी ब्लॅकबर्नला कापडाच्या मागावर कामाला होत्या. मागांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून विणकर बायका ओठ मोठे हलवून बिनआवाजी बोलत आणि ओठांवरूनच समजून घेत. ती सवय बाईंची गेली नव्हती. खिडकीत बसून रस्त्यापलीकडच्या दोघींचं भांडण त्या मला शब्दशः सांगायच्या.

त्यांचे यजमान म्यूलवर कातणारे. म्यूल म्हणजे सॅम्युअल क्रॉम्प्टनने याच बोल्टनमध्ये १७७९ साली बनवलेला साचा. मी ज्या विद्येसाठी सात समुद्र ओलांडले ती तिथे तेव्हा मरत होती, हे मला आल्यावर समजलं. १९५९ च्याच कायद्याने सरकार जुने साचे मोडायला गिरणीमालकांना पैसे देत होतं. पुढच्या काही महिन्यांत लँकेशायरातल्या जवळपास निम्म्या चात्या, म्हणजे सुताला पीळ देणाऱ्या फिरत्या दांड्या, भंगारात गेल्या. यजमानांची गिरणीही त्यात गेली. चालू साच्यांवर हातोडे पडताना ते पाहून आले आणि संध्याकाळभर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात चात्यांचा वेग काढायला शिकलो. वीस-बावीस वर्षांनी गिरणगावातले भोंगे बंद पडले तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली.

खेड्याचं थोडकंच सांगू शकतो. बाईंची बहीण क्लिदरो गावाच्या पलीकडे राहायची. दोनदा गवतकापणीला गेलो. चुना-सिमेंट न लावता रचलेले दगडी बांध, दुधाचे कॅन, एक चर्च, एक पब. तिथल्या पोरांनी माझ्या केसांना हात लावून पाहिला. १९६२ ला क्लिदरोची प्रवासी गाडीच बंद झाली, मग जाणं राहून गेलं.

शेवटचा हिवाळा १९६२-६३ चा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी बर्फ सुरू झाला तो मार्चपर्यंत हटला नाही. अख्ख्या जानेवारीची सरासरी शून्याखाली दोन अंश. दाराशी ठेवलेलं दूध गोठून बाटलीबाहेर उभं राहायचं, डोक्यावर चांदीच्या कागदाचं झाकण टोपीसारखं. नळ फुटू नये म्हणून बाई रात्री संडासात रॉकेलचा कंदील लावून ठेवत. चार वर्षांत उजेडात आणि उबेत संडासला गेलो ते तेवढ्याच दिवसांत.

कधी बोल्टनला गेलात तर हॉल इथ वुड नावाचं क्रॉम्प्टनचं घर पाहा, संग्रहालय आहे. पायऱ्या मात्र आता कुणी घासत नाही. वड्या बनवणारा ॲश्टन गावातला शेवटचा कारखाना १९७९ लाच बंद झाला.