जुन्या शॉटगनमधून निघालेले चिरलेले कडे कशाचे?

बंदुकीचा पुढचा लाकडी दस्ता काढताना आपल्या हाती आलेले, एका बाजूस चिरलेले आणि आतून झिजून चकचकीत झालेले ब्राँझचे कडे ब्राउनिंग ऑटो-५ या बंदुकीचे घर्षणकडे असावे. ते भंगार समजून टाकू नये. १९०२ पासून बेल्जियममध्ये बनू लागलेल्या या बंदुकीत प्रत्येक बाराबरोबर नळी स्वतःच मागे सरकते आणि हे कडे काडतुसे साठवण्याच्या नळकांड्याला आवळून नळीचा वेग आवरते. सोबत उतरत्या कडेचे एक पोलादी कडेही असायला हवे. जड काडतुसांसाठी ते नळीला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग व ब्राँझचे कडे यांच्यामध्ये बसते, हलक्या काडतुसांसाठी स्प्रिंगच्या मागे जाते. जड काडतुसांसाठी हा क्रम चुकला, की लाकडी दस्त्याला तडे जाऊ शकतात.