वाइन टूर, पांढरी नंबरप्लेट आणि २२ ऑगस्ट

प्रश्न : आम्ही दोन जोडपी २२ फेब्रुवारीला, रविवारी, ठाण्याहून ट्रेनने नाशिकला गेलो. तिथे एका टूरवाल्याची दिवसभराची खासगी गाडी ड्रायव्हरसह घेतली होती. सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूची वायनरी, दुपारी दिंडोरीकडची, संध्याकाळी परत स्टेशन. साडेनऊ हजार रुपये त्याने मेव्हण्याच्या यूपीआयवर घेतले. परत येताना दिंडोरी रोडवर, दिवस मावळल्यावर, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाडी मागून आदळली. ट्रॉलीत द्राक्षांचे क्रेट होते, मागे दिवा नव्हता. पत्नीच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला आहे. पोलीस हॉस्पिटलमध्ये आले होते, पण कटकट नको म्हणून आम्ही जबाब दिला नाही. नंतर फोटो पाहताना लक्षात आलं की गाडीची नंबरप्लेट पांढरी आहे. बुकिंगच्या मेसेजमध्ये ‘प्रवासातील अपघातास आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ असं लिहिलेलं होतं. टूरवाला म्हणतो, इन्शुरन्समधून मिळवून देतो, थोडं थांबा. ग्राहक न्यायालयाला दोन वर्षांची मुदत असते असं कळलं. पत्नी पूर्ण बरी झाल्यावर, रॉड काढल्यानंतर मी क्लेम केला तर चालेल का?

उत्तर : नाही, चालणार नाही. रॉड निघायला वर्ष-दीड वर्ष लागेल आणि तुमच्या हातात आता जेमतेम पाच आठवडे आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ (३) प्रमाणे भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल व्हावा लागतो. तुमचे सहा महिने २२ ऑगस्टला संपतात. त्या दिवशी चौथा शनिवार आहे, कोर्ट बंद. मुदतीचा शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर पुढच्या कामाच्या दिवशी अर्ज दाखल करता येतो, हे खरं आहे. पण ज्या अर्जावर एका माणसाच्या पायाची भरपाई अवलंबून आहे, तो अर्ज सोमवारच्या सवलतीवर ठेवायचा नसतो. जुलै संपायच्या आत दाखल करा.

गेल्या काही महिन्यांत याच वळणाचे बरेच प्रश्न आले. कुणाची महाबळेश्वरची सहल, कुणाची अष्टविनायक यात्रा, कुणाची कोकणातली. प्रत्येकाला घरातल्या कुणीतरी जाणत्या माणसाने सांगितलेलं असतं, ‘अपघाताच्या क्लेमला मुदत नसते, सावकाश करा.’ त्या जाणत्या माणसाचंही चुकत नाही, तो जुना कायदा सांगतो. १९८८ च्या मूळ कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. ती नोव्हेंबर १९९४ मध्ये काढून टाकली गेली. पुढची सत्तावीस वर्षं लोकांनी पाच-पाच वर्षांनी अर्ज केले आणि ते चाललेही. मग २०१९ च्या दुरुस्तीने मुदत परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. मूळ कायद्यात उशीर माफ करून अपघातापासून बारा महिन्यांपर्यंत अर्ज घेण्याची सोय होती, नव्या मजकुरात ती सोयही लिहिलेली नाही. इतका मोठा बदल लोकांपर्यंत पोचवण्याची तसदी कुणी घेतली नाही आणि त्याची किंमत जखमी माणसं मोजत आहेत, याचा मला मनापासून राग आहे.

या कलमाच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. मुदतीनंतर आलेल्या अर्जांबाबत न्यायालयं कधी नरमही पडतात. ज्यांची तारीख आधीच उलटली आहे, त्यांनी त्या आधारावर जरूर प्रयत्न करावा. तुमची तारीख उलटलेली नाही. तेव्हा त्या वादात तुम्ही पडू नका.

एक गोष्ट तुम्ही पत्रात सगळीकडे चुकीची लिहिली आहे. ‘मी क्लेम करतो’, ‘माझा क्लेम’. क्लेम तुमच्या पत्नींचा आहे. अर्जावर सही त्यांची, वकीलपत्रावर सही त्यांची, साक्षही त्यांचीच. त्यासाठी नाशिकला खेटे घालायची गरज नाही. अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, म्हणजे तुमचं काम ठाण्यात होईल.

आता पोलीस. नियमाप्रमाणे तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. हा अहवाल पोचला की तोच भरपाईचा अर्ज समजावा, असं कलम १६६ (४) सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात याची कडक अंमलबजावणी करायला सांगितलं. तुमच्या प्रकरणात तो अहवाल गेला असेल तर चांगलंच, गेला का याची चौकशीही करा. पण तो गेला असेल या समजुतीवर गप्प बसू नका. मी असे अहवाल महिनोन्‌महिने पोलीस ठाण्याच्या कपाटात पडलेले पाहिले आहेत. शिवाय जखमी माणसाचा जबाबच नसेल तर त्या अहवालात तुमच्या पत्नींबद्दल काय लिहिलं असेल, हा प्रश्न उरतोच.

तो जबाब तुम्ही दिला नाहीत, हे फार वाईट केलंत. पोलीस आपणहून खाटेपाशी आले होते. ती दहा मिनिटांची कटकट टाळली आणि आज अपघाताची एकमेव कागदोपत्री हकीकत ड्रायव्हरने सांगितलेली आहे. अपघात नेमका कोणत्या ठाण्याच्या हद्दीत झाला ते आधी पाहा. दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या अलीकडे-पलीकडे शहर आयुक्तालयाची हद्द संपून ग्रामीण पोलिसांची सुरू होते, त्यामुळे चुकीच्या ठाण्यात फेरी वाया जाऊ शकते. हॉस्पिटलच्या एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायच्या रुग्णाच्या) नोंदीवर ठाण्याचं नाव असतं. तिथून एफआयआरची प्रत घ्या. जखमी व्यक्तीला ती फुकट मिळण्याचा हक्क आहे. सोबत स्थळ पंचनामा आणि दोन्ही वाहनांच्या विम्याचा तपशील मागा. तो देणं पोलीस आणि आरटीओ यांच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. पत्नींचा जबाब अजूनही घ्यावा, असा लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

पांढऱ्या नंबरप्लेटने तुमची झोप उडाली आहे असं दिसतं. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला पिवळी पाटी आणि परवाना लागतो. खासगी गाडी भाड्याने चालवली तर विमा कंपनी कलम १५० खाली हात वर करू शकते, आणि करेलच. पण त्यामुळे पत्नींचा भरपाईचा हक्क जात नाही. वाद होतो तो पैसे कोणी द्यायचे याचा. मालक आणि ड्रायव्हर यांची जबाबदारी राहतेच. कंपनीने आधी द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असे आदेश बिनपरवाना वाहनांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानेही दिले आहेत. मात्र पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाला, नव्या मजकुराखाली, तोच दिलासा मिळेल अशी हमी मी देणार नाही. पॉलिसी कोणत्या प्रकारची आहे यावरही बरंच ठरेल. ती पाहिल्याशिवाय छातीठोकपणे सांगणाऱ्याचं ऐकू नका.

मला तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटलं ते ट्रॉलीचं. तुम्ही ते ओझरतं लिहून पुढे गेलात. जानेवारी ते मार्च हा तिकडे द्राक्षतोडणीचा हंगाम. दिंडोरी, निफाडच्या रस्त्यांवर संध्याकाळी क्रेट भरलेल्या ट्रॉल्यांची रांग असते. अंधारात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही आणि ट्रॉली डांबरावर उभी, हा ट्रॅक्टरवाल्याचाही निष्काळजीपणा ठरू शकतो. दोन वाहनांच्या चुकीतून तिसऱ्याला इजा झाली, तर तो तिसरा माणूस संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो. २०१५ च्या खेन्येई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. ट्रॅक्टरच्या दृष्टीने तुमच्या पत्नी निव्वळ त्रयस्थ आहेत. तिथे पांढऱ्या पाटीचा प्रश्नच येत नाही. म्हणून अर्जात गाडीचा मालक, ड्रायव्हर आणि विमा कंपनी यांच्याबरोबर ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मालक आणि त्याची विमा कंपनीही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा पुष्कळदा संपलेला निघतो, ट्रॉलीचा तर काढलेलाच नसतो. तरीही नाव घाला. दोष किती टक्के कुणाचा, ते पुराव्यावर ठरेल.

टूरवाल्यालाही सामनेवाला करा. ‘आयोजक जबाबदार नाहीत’ या ओळीने त्याला वाटतं तितकं संरक्षण मिळत नाही, कारण स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी कुणी एका मेसेजने झटकून टाकू शकत नाही. पण गाडी कुणाची होती, ड्रायव्हरचा पगार कोण देत होतं, मेव्हण्याचा या धंद्याशी काय संबंध, हे कागदावर आलं पाहिजे. तुम्ही ना पावती घेतलीत, ना बुकिंगच्या वेळी गाडीचा नंबर. चार माणसांचा जीव ज्या गाडीत बसवायचा, तिची पाटी चढण्यापूर्वी एकदा पाहायची असते. आता व्हॉट्सॲपचे संदेश आणि यूपीआयची नोंद एवढाच आधार आहे. काही पुसू नका, फोन बदलू नका. हा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतील.

तो ‘थोडं थांबा’ का म्हणतोय, हे आता तुम्हाला कळलं असेल. त्याच्या मनात कपट असेलच असं मी म्हणत नाही. पण त्याच्या प्रत्येक आश्वासनाचा एकेक आठवडा तुमच्या सहा महिन्यांतून वजा झाला आहे. बोलणी चालू होती म्हणून मुदत थांबत नाही. मधल्या काळात त्याने काही रक्कम देऊ केली, तर ‘संपूर्ण व अंतिम’ असे शब्द असलेल्या कुठल्याही कागदावर पत्नींची सही होऊ देऊ नका, मग तो साधा कागद असो की स्टँप पेपर.

ग्राहक आयोगाबद्दल तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुमच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य आहे. परवाना नसलेली गाडी टूरसाठी देणं ही सेवेतली त्रुटी, हा मुद्दा तिथे नीट मांडता येईल. पण तो टूरवाल्यापुरता. ट्रॅक्टरवाला तुम्हाला काही सेवा देत नव्हता, त्याला तिथे ओढता येणार नाही. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणी मिळत नाहीत. आयोगाने तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, काही वेळा तर सदस्यांची पदंच रिकामी असतात. म्हणून आधी न्यायाधिकरण. आयोगाचा विचार ऑगस्टनंतर करू.

रॉड निघाल्याशिवाय अपंगत्वाचा दाखला मिळणार नाही, ही तुमची अडचण मला समजते. अर्ज दाखल करायला तो दाखला लागत नाही. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, आजवरची बिलं आणि पुढच्या शस्त्रक्रियेचा अंदाजे खर्च एवढ्यावर अर्ज होतो, दाखला पुराव्याच्या वेळी देता येतो. बिलांच्या मूळ प्रती मेडिक्लेमला दिल्या असतील तर हॉस्पिटलकडून साक्षांकित प्रती आजच मागा. मेडिक्लेममधून मिळालेली रक्कम भरपाईतून वजा होते का, यावर निकाल दोन्ही बाजूंनी आहेत. ती रक्कम लपवू नका, एवढंच सांगतो. पत्नी नोकरी करतात की घर सांभाळतात, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नोकरी असेल तर रजेचा दाखला घ्या. घर सांभाळत असतील तर त्या कामाचंही मोल न्यायालयं धरतात, ‘उत्पन्न नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका.

शेवटी, पत्रासोबत तुम्ही दुसऱ्या वायनरीच्या बिलाचा फोटो पाठवला आहे. त्यात टेस्टिंगचे (वाइन चाखण्याचे) पाच संच लावले आहेत आणि तुम्ही चौघे होतात. त्याबद्दल तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नाही. तुम्ही चौघांनी वाइन चाखली याने काहीच बिघडत नाही, प्रवाशाने पिणं हा प्रवाशाचा निष्काळजीपणा होत नाही. पण पाचवा संच ड्रायव्हरने घेतला असेल तर ती गंभीर गोष्ट आहे. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर कलम १८५ खाली तो गुन्हा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विमा कंपनीला बचावाचं आणखी एक कारण. ते सिद्ध करणं कंपनीचं काम आहे. त्या रात्री ड्रायव्हरची तपासणी झाली का, ते पोलिसांच्या कागदांत दिसेल. तुम्ही मात्र ते बिल फाडू नका, पहिल्याच भेटीत वकिलापुढे ठेवा. आणि पाचवा ग्लास कोणाच्या हातात होता, हे पत्नींना शांतपणे आठवायला सांगा, कारण उलटतपासणीत तो प्रश्न त्यांनाच विचारला जाईल.